तीन झाडांना टांगलेला तंबू

झाडांना टांगायचा तंबू धाकट्या भावाने मागवला आणि तो आधी पाथर्डीला, आईच्या रानातल्या घरी टांगून बघायचा, असं मी ठरवलं. थोरली असल्यामुळे ठरवायचं काम माझ्याकडेच असतं. आम्ही तिघं भावंडं आईला घेऊन भंडारदऱ्याला मुक्कामाला जाणार होतो. पण आईच यायला तयार नव्हती.

"निम्मी हयात कोपीत गेली," ती म्हणाली. "आता हौसंनं कापडाखाली निजू व्हय?"

कोपी म्हणजे ऊसतोडीला गेल्यावर फडाजवळ उभं केलेलं बांबू-पाचटाचं खोपट. आमचं अर्धं लहानपण तिथं गेलं. आईवडील धरून पाचही जण एका ओळीत, एकाच वाकळेखाली निजायचो. त्या दाटीची मला अजून ओढ वाटते. आता वडील नाहीत, आम्हा तिघांची तीन गावांत घरं आहेत आणि प्रत्येकाला हक्काची खोली आहे. आईला हे सांगितलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं. म्हणून मी तिला आपली तंबूची जाळी आणि चेन दाखवत बसले.

दोन कडुलिंब आणि एक चिंच अशी तीन झाडं धरून मी आणि बहिणीने पट्टे आवळायला घेतले. भाऊ बाजेवर बसून मोबाईलमध्ये बघून सूचना देत होता. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला पहिल्यापासून जमतं. आधी एक पट्टा घसरला, मग एक कोपरा लोंबला. शेवटी तंबू कमरेएवढ्या उंचीवर ताठ झाला आणि भावाने खुशीत त्याला हेलकावा दिला.

"आरं, रिकामी झोळी हलवू न्हाई," आई ओसरीवरून ओरडली.

ती आत गेली ती वरवंटा घेऊनच आली. बारशाला लेकराच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, तसा तिने तो तंबूत ठेवला. हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी होतं.

"चढा आता," ती म्हणाली.

आम्ही चढलो. तंबू मधोमध खचला आणि तिघंही गडगडत वरवंट्यापाशी येऊन आदळलो. भावाचं कोपर माझ्या बरगडीत, बहिणीचे गार पाय माझ्या पोटावर.

"हा काही कामाचा नाही. परत पाठवू," भाऊ म्हणाला.

"गप पड," मी म्हटलं. मला भरून आलं होतं.

तेवढ्यात तंबू हळूहळू हलायला लागला. जाळीतून पाहिलं, तर आई एक पट्टा धरून झोका देत होती. फडात ती बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची आणि कोयता घेऊन सरीत शिरायची. लेकरू रडलं तरी हातातलं काम सोडून येता यायचं नाही. धाकट्यांच्या झोळीची दोरी माझ्याकडे असायची.

"आई, चल ना भंडारदऱ्याला," मी आतूनच म्हणाले.

"येते. पर वर न्हाई चढायची. खाली बसून हलविते."

"एवढ्या मोठ्या घोड्यांना काय हलवतेस?" भाऊ हसला.

"तुला न्हाई हलवीत. तुमाला दोघांना हलवायला ही हुती. हिला कुनीच नव्हतं. म्या फडात, अन् ही एकलीच रडून रडून निजायची."

भावाने माझ्या बरगडीतलं कोपर काढून घेतलं. आई झोका देत राहिली आणि मी डोळे मिटून पडून राहिले.