औषध : खायचं का मारायचं?

सुलोचनाताई रणपिसे यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, आणि भांडणात चूक माझी होती. गौरवग्रंथात असे काही लिहायचे नसते, असे संपादकांनी मला फोनवर दोनदा बजावले. पण ताईंना उगाचची फुले वाहिलेली खपत नाहीत, हे त्यांच्याबरोबर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा घडले ते घडले तसे सांगतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. वडूजच्या पलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी केसपेपर लिहिणारा लिपिक म्हणून नवा रुजू झालो होतो. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले काही लोक हयात आहेत, आणि चूक इमारतीची नव्हती. मी सांगली शहरातला. घरी शेती नाही, गोठा नाही. टोमॅटो झाडाला लागतो की वेलाला, हेही खात्रीने सांगता आले नसते. ताई तिथे औषधनिर्मात्या होत्या. माझ्या खिडकीला लागूनच त्यांची औषधाची खिडकी होती, त्यामुळे मी रुग्णांशी काय बोलतो ते त्यांना सगळे ऐकू जाई.

रविवारची दुपार होती. एका बाईंनी नवऱ्याला जीपमधून आणले. माणूस घामाने निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती. मी शिरस्त्याप्रमाणे नाव, गाव, वय लिहिले आणि विचारले, "औषध घेतलंय का काही?"

"आवं, सकाळपास्नं औषधावरच हायती की," बाई म्हणाल्या. "लय उलट्या व्हायला लागल्या म्हून आणलं."

मी कागदावर लिहिले, 'औषध चालू आहे.' आणि त्यांना बाकावर बसायला सांगितले. त्यांच्या पुढे खोकल्याचे चार रुग्ण होते.

ताई आपल्या खिडकीतून अक्षरशः धावत बाहेर आल्या. "कसलं औषध, मावशी? खायचं का मारायचं?"

"मारायचं! पाठीवर पंप व्हता, समदा अंगावर गळलाया."

आपल्याकडे डॉक्टरांनी दिलेल्या गोळीलाही औषध म्हणतात आणि पिकावर फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. गावातल्या लहान पोरालाही हा फरक कळतो. शहाण्या लिपिकाला कळला नाही. "वास येत नाही का तुम्हांला?" एवढेच ताई मला म्हणाल्या, पण ज्या आवाजात म्हणाल्या, तो आवाज मला आजही ऐकू येतो. मीही उलट काहीतरी बोललो. माझे काम केसपेपर लिहिणे आहे, वास घेणे नाही, असे काहीतरी. मूर्खपणाला वय नसते असे म्हणतात. माझ्या मूर्खपणाला तर नोकरीही होती.

डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. कपडे काढून अंग धुतले, अॅट्रोपिनची इंजेक्शने चालू झाली. या विषावर एका इंजेक्शनाने भागत नाही. लाळ आणि घाम थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागते. बाहेर ठेवलेल्या सगळ्या कुप्या बघता बघता संपल्या. बाकीचा साठा भांडारात होता. भांडाराला कुलूप, कुलपाला कापड गुंडाळून लाखेचा शिक्का, आणि किल्ली भांडारपालांच्या खिशात. भांडारपाल रहिमतपूरला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते.

ताईंनी इकडे तिकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, "एक दगड आणा." मी आवारातून दगड आणून त्यांच्या हातात दिला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटले. माणूस वाचला. चौथ्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला, आणि जाताना त्याची बायको ताईंच्या खिडकीपाशी ज्वारीचे पीठ ठेवून गेली.

यानंतरचा भाग लिहायला मला इतकी वर्षे लागली.

भांडारपालांनी तक्रार केली. शासकीय शिक्का फोडला, साठा विनापरवाना काढला, वगैरे. चौकशी बसली. डॉक्टर तोपर्यंत बदलून दूर गेले होते. रुग्णालयाचे प्रमुख असलेल्या साहेबांनी मला बोलावून विचारले, "तुम्ही हजर होता का?" मी नोकरीत कायम झालेलो नव्हतो. मी लेखी दिले की मी माझ्या खिडकीत होतो आणि मला काही दिसले नाही. कुलूप ताईंनी स्वतःच्या मनाने, कुणालाही न सांगता तोडले, असे मग कागदोपत्री ठरले.

ताईंच्या गोपनीय अहवालात शेरा बसला. त्या वेळी त्यांची सांगलीच्या बदलीची मागणी मंजुरीच्या टप्प्यात होती. सांगलीत त्यांची म्हातारी आई एकटी राहत होती. ती बदली गेली. दुपारच्या चहाला सगळे कर्मचारी एकत्र जमत. त्या चहाचे बोलावणे ताईंना येईनासे झाले. काहींना तर निमित्तच हवे होते. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातली बाई आपल्याला नियम शिकवते, ही त्यांची जुनी पोटदुखी. ताई आपल्या खिडकीत एकट्याच डबा उघडत. माझी खिडकी शेजारीच होती. मी कधी उठून गेलो नाही.

माझ्या जबाबाची प्रत त्यांना मिळाली होती. त्यांनी ती वाचली, घडी करून पिशवीत ठेवली आणि मला विचारले, "जेवलात का?" पुढे कधीच त्या विषयावर एक अक्षर नाही.

दुसरे कुणी असते तर हात झटकून मोकळे झाले असते. ताईंनी कामाला सुरुवात केली. माझ्या खिडकीच्या आतल्या बाजूला त्यांनी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, 'औषध म्हटले की विचारा : खायचं का मारायचं?' मग त्यांनी साहेबांकडे अर्ज दिला की विषावरचा उतारा भांडारात नको, तपासणीच्या खोलीत पेटीत ठेवू. पेटीला कुलूप नको, नुसता कागद चिकटवू. लागेल त्याने कागद फाडावा, आधी इंजेक्शन द्यावे आणि मग वहीत सही करावी. साहेबांनी विचारले, "चोरीला गेलं तर?" ताई म्हणाल्या, "सर, कागद फाडायला दगड लागत नाही." शेवटी 'जबाबदारी तुमची' असे लिहून साहेबांनी परवानगी दिली. ती जबाबदारी ताईंनी इतकी अंगावर घेतली की सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या लग्नालाही अक्षता पडताच परत फिरल्या.

सुट्टीच्या दिवशी त्या एसटीने कोरेगावला जात, रहिमतपूरला जात, कधी साताऱ्याला. तिथल्या दवाखान्यांत जाऊन विचारत, सर्पदंशाची लस आहे का, अॅट्रोपिन किती, मुदत कधी संपते, आणि किल्ली कुणाकडे. "तुम्हांला कुणी पाठवलं?" असे त्यांना सगळीकडे विचारले जाई. कुणी नाही, म्हणाल्या की लोक आणखी संशयाने बघत. एके ठिकाणी तर त्यांना बाकावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले. तरी त्यांनी तक्ता तयार केला. मुदत संपायला आलेली औषधे जिथे जास्त लागतात तिथे पाठवायची, आणि अडीअडचणीला एकमेकांकडून मागवायची, ही रीत त्या तक्त्यावरून पडली. एकदा सर्पदंशाची लस त्यांनी बर्फाच्या थर्मासमध्ये घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिली.

"बाई, ह्येचं तिकीट?" कंडक्टरने विचारले.

"माणसाचं काढा," ताई म्हणाल्या. "माणूसच हाय त्यात."

त्याने तिकीट काढले नाही आणि थर्मास सबंध वाट मांडीवर ठेवला.

मला दोन वर्षांत सांगलीची बदली मिळाली. माझ्या अहवालात शेरा नव्हता ना! निघताना ताईंनी भाकरी आणि झुणका बांधून दिला आणि एक काम सांगितले, "जमलं तर आमच्या आईला भेटत जा." मी जात असे. म्हातारी दार उघडून माझ्या मागे कुणी उभे आहे का ते आधी बघे. मग म्हणे, "आमची सुलू कवा येणार हाय रं?"

"येतील, लवकरच येतील," मी म्हणे.

"तुझी झाली की बदली. तिचीच का हुईना?"

त्याचे उत्तर सबंध सांगलीत एकट्या मला माहीत होते. हळूहळू मी जायचे कमी केले. म्हातारी गेली तेव्हा ताई वडूजकडे नोकरीवरच होत्या. निरोप मिळून त्या स्मशानात पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. स्मशानातून परतताना त्यांनी माझे आभार मानले.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. सांगलीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. बिनकुलपाची पेटी आता अनेक ठिकाणी आहे, आणि ती कुणी सुरू केली हे तिथल्या कुणाला ठाऊक नाही. ताईंना त्याचे काही नाही. मला आहे. म्हणून जो जबाब मी तेव्हा द्यायला हवा होता, तो या ग्रंथात, सगळ्यांसमक्ष देतो. मी हजर होतो. मी सगळे पाहिले. दगड मी आणून दिला.

ताई, तुमची शंभरी आम्हांला बघायला मिळो, गुडघे तुमचे ऐकोत, डोळे शेवटपर्यंत लखलखीत राहोत. आणि एक मागणे आहे. इतक्या वर्षांत त्या जबाबावरून तुम्ही मला एका शब्दानेही बोलला नाहीत, ते आता सोसवत नाही. मी हल्ली घरी एकटाच असतो. फोन करा, आणि एकदा माझ्यावर चांगले रागवा.