अथेन्सच्या मुली आणि आमची सातवी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. निवृत्तीनंतरच्या सत्कारांत कुणी ‘गुरुजींनी घडवलेले विद्यार्थी’ म्हणू लागलं की मी पाण्याचा पेला उचलायचो. आता टाळणं पुरे.

सत्तरच्या दशकात कारंजा घाडगेजवळच्या एका खेड्यात मी इतिहास शिकवत होतो. शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर कारंज्याला. मुलगे सायकलीने जात. मुलींचं शिक्षण सातवीच्या निकालाबरोबर संपे, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसे. मलाही नाही.

त्या दिवशी प्राचीन ग्रीसचा धडा होता. अथेन्सचा मुलगा सात वर्षांचा झाला की शिक्षकाकडे जाई. सोबत सामान उचलायला गुलाम. वाचन, हिशेब, वाद्य, कुस्ती, सगळं त्याला. मुलगी घरात. आईकडून लोकर कातायला, कापड विणायला शिके आणि चौदा-पंधराव्या वर्षी तिशीतल्या पुरुषाच्या घरी जाई. हे सगळं मी फळ्यावर ‘ज्ञानाची नगरी’ अशा मथळ्याखाली लिहिलं, आणि माझा खडू कुठेही अडला नाही.

एका शेतकऱ्याची थोरली मुलगी उठली. वर्गात नेहमी पहिली येणारी.

“गुरुजी, मायलेच वाचता येत नसन, त थे पोरीले काय शिकवन?”

“घरकाम.”

“मंग अर्ध्या गावाले अक्षर येत नाई, अन् त्याले ज्ञानाची नगरी काऊन म्हणाव?”

मागून एक पोरगा म्हणाला, “गुरुजी, इले स्पार्टाले धाडा. तिथं पोरी पळतेत म्हणे.”

वर्ग हसला. स्पार्टाच्या मुली धावत, थाळी फेकत, हे मी नुकतंच सांगितलं होतं. तेही बलदंड मुलगे जन्मावेत म्हणून, हे मात्र गाळलं होतं.

“परीक्षेत हे विचारत नाहीत. बस खाली.”

तिने बसायला जरा वेळ लावला. मला तेवढंही सहन झालं नाही.

निकालानंतर तिचे वडील घरी आले. आमच्याकडे मुहूर्त विचारावा तसं पोराबाळांचं मास्तराला विचारत.

“माही बहीण हाय कारंज्याले. तिच्यापाशी ठेवतो म्हनतो पोरीले. तिची माय नाई म्हनते. तुमी म्हनान तसं करू, गुरुजी.”

बाप तयार होता. हे मुद्दाम लिहितो. आमच्यासारखी शिकलेली माणसं आजही व्यासपीठावरून सांगतात की खेड्यातले बाप अडाणी, म्हणून पोरी मागे राहिल्या. साफ खोटं आहे. तो बाप माझ्या ओसरीवर बसून होकार मागत होता.

मी म्हणालो, “हुशार आहे. पण तोंडाळ आहे. परगावी ठेवायची म्हणजे...”

पुढचं बोलावंच लागलं नाही. वयात येणाऱ्या मुलीच्या बापाला एवढं पुरतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“बरं झालं सांगतलं,” म्हणत तो उठला आणि वर आभार मानून गेला. थोड्याच वर्षांत तळेगावकडच्या घरी तिचं लग्न झालं.

अथेन्सच्या पुरुषांवर आता काय रागवायचं? त्यांना असा प्रश्न कुणी तोंडावर विचारला होता की नाही, देव जाणे. मला विचारला होता. शिकवणं हेच माझं काम असताना, एका पोरीने मला निरुत्तर केलं म्हणून मी तिची शाळा बंद केली. आणि गाव मला आदर्श म्हणत राहिलं.

ऐंशीनंतर कधीतरी तळेगावच्या बाजारात ती भेटली. हाताशी मुलगी.

“गुरुजी, वळखलं का? हे माही पोरगी. चौथीत हाय. लय इचारते, तिच्या बापाले तरास होते.” हसली आणि वाकून पाया पडली. “बाबा सांगत, गुरुजीनं माह्या भल्याचंच सांगतलं होतं.”

तुझ्या भल्याचं नव्हतं, बाई. माझ्या रागाचं होतं. मला माफ कर. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

मी म्हणालो, “यंदा संत्रा कसा आहे तुमच्याकडे?”