पुढची सीट

अन्याय झाला मेकॅनिक बबनकाकांवर, मी सहावीत असताना, दसऱ्याच्या सकाळी, आमच्याच दारात. काल एका गॅरेजपाशी झेंडू आणि ऑइलचा वास एकत्र आला आणि ती सकाळ पुन्हा समोर उभी राहिली.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, जुनी परदेशी गाडी घेतली होती. तिला उचलून धरणारे चाकांवरचे हवेचे फुगे गळायचे आणि ती खाली बसायची. "म्हशीवानी बसती बघा," म्हणत बबनकाकांनी तीन महिने आमच्या अंगणात तिच्याखाली पडून तिला उभं केलं. दसऱ्याला तिची पूजा झाली. पहिल्या फेरीसाठी काका पांढरा शर्ट घालून आले होते.

"तू सायकलवर मागनं ये. सीट चामड्याची हाय, डाग पडंल," अण्णा म्हणाले.

"आंगूळ करून आलोय की, अण्णा."

डाग पुसता येतो. अण्णांना खुपत होती ती काकांची गावकुसाबाहेरची वस्ती. काकांनीच माझ्यासाठी दार उघडलं आणि त्या पुढच्या सीटवर मी बसले. तेव्हा ती नुसती मऊ लागली होती. आज तिच्यावर बसल्याची लाज वाटते.

या दसऱ्याला तुमच्या गाडीची पूजा झाली, की जो ती दुरुस्त करतो त्याला आधी पुढं बसवा. आणि दार तुम्ही उघडा.