सही नसलेली चित्रं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचे. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मला इंजिनिअरिंगला घालावं म्हणून सर वडिलांकडे तीनदा आले. चित्र बघायलाही त्यांनीच शिकवलं. "चेहरा कुणीही उतरवतो. कान बघ, बोटं बघ. तिथं हात लपत नाही."

२००४च्या हिवाळ्यात मी न्युरेम्बर्गला शिकत होतो. विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात मला हीवीचं, म्हणजे विद्यार्थी मदतनिसाचं काम मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची इंग्रज व्यंगचित्रं स्कॅन करून त्यांची नोंद करायची. ढेरपोट्या युवराज, युद्धाच्या नावाखाली मेजवान्या झोडणारे मंत्री. कितीतरी चित्रांवर सहीच नसे. मग चित्रकाराचा रकाना रिकामा राही.

एके दिवशी मी संग्रहाच्या बाईंना दोन चित्रं दाखवली. "ही दोन्ही एकाच माणसानं काढली आहेत. मंत्र्यांची बोटं बघा."

त्यांनी भिंग लावलं. "गेनाऊ! अगदी बरोबर!" मग हसल्या. त्या पूर्व जर्मनीतल्या. "तुम्ही आमच्याकडे जन्मला असतात, तर गुप्त पोलिसांनी तुम्हाला लगेच उचललं असतं. कामाला!"

मी हसलो नाही. त्याही थांबल्या. म्हणाल्या, "माझी चुगली कोणी केली, ते भिंत पडल्यावर फाइलीत वाचलं. शेजारीण होती. बहिणीनंच केली असं समजून मी बारा वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. फाइल उघडली तेव्हा बहीण गेली होती."

मी अकरावीत असताना शाळेच्या सूचनाफलकावर एक चित्र लागलं होतं. संस्थेचे अध्यक्ष शाळेची इमारत भाकरीसारखी मोडून खाताहेत. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. अध्यक्ष शेजारीच बसले होते. "तू चित्रातला हुशार. कुणाचा हात रे हा?" मी कान पाहिला आणि म्हणालो, "आमच्या सरांचा." कुणी दरडावलं नव्हतं. ओळखता आलं, याचाच आनंद झाला होता.

सरांची नोकरी गेली. चित्र काढताना त्यांना फक्त भूगोलाच्या सरांनी पाहिलं होतं. दोघांची वीस वर्षांची दोस्ती तुटली. 'मी नाही सांगितलं,' असं भूगोलाचे सर म्हणत राहिले. सर मला इंजिनिअरिंगला जाताना एसटी स्टँडवर सोडायला आले, तेव्हा म्हणाले, "भूगोलवाल्यानं गळा कापला बघ माझा." मी मान हलवली.

बाईंनी बहिणीचं सांगितलं, त्या संध्याकाळी न्युरेम्बर्गच्या खोलीवर जाऊन मी लिहिलं:

गुरुवर्य सरांना सा. नमस्कार.

तुमचं नाव मुख्याध्यापकांना मी सांगितलं. भूगोलाच्या सरांनी नाही. ते खरं सांगत होते. स्टँडवर तुम्ही त्यांना दोष दिलात तेव्हाही मी गप्प बसलो, कारण माझी पिशवी तुमच्या खांद्यावर होती आणि मला तुम्ही हवे होतात.

हे पत्र त्यांना वाचून दाखवा. मला उत्तर द्यायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी त्यांच्याकडे जा.