गोधडीची पाठ

आमच्या आळे गावातल्या गोधडीवाल्या काकींचं तोंडावर कौतुक करायची सोय नव्हती. "लई गोड बोलतीय, हिला काय तरी पायजे आसंल," असं म्हणून त्या समोरच्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या. बेल्ह्याच्या बाजारात दुकानदाराने दोरा पक्का असल्याची शपथ घेतली, की तो दोरा हमखास परत जायचा.

गोधडी कुणीही आणो, काकी ती आधी उलटी करायच्या. "वरून समद्याच नटत्यात," म्हणायच्या. ही त्यांच्या सासूची शिकवण. सासूने पाठ बघून होकार दिल्याशिवाय सुनेने गावाचं काम घ्यायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. मी काकींच्या हाताखाली शिकत होते. मलाही गावातली कामं घ्यायची होती, पण काकी माझी गोधडी उलटी करायच्या आणि होकार न देताच परत करायच्या. मला त्यांचा भारी राग यायचा.

एकदा पुण्याहून प्रदर्शनवाल्या बाई गोधड्या न्यायला आल्या. काकींची गोधडी बघून म्हणाल्या, "मास्टरपीस आहे हो!" काकींनी मला कोपऱ्यात ओढलं. "शिवी तर न्हाय ना दिली?" बाईंना ते ऐकू गेलं, त्यांनी हसत समजावलं. पूर्वी युरोपात शिकाऊ कारागीर आपलं काम जुन्या उस्तादांपुढे ठेवायचा, ते पसंत पडलं तरच तो उस्ताद ठरायचा. त्या कामाचं हे नाव. पुढे लोक कुठल्याही थोर कामाला तेच म्हणू लागले.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. "मंग ह्या बाईनं पाठ कुटं बघितली?" एवढंच म्हणाल्या आणि गोधडीची घडी घालून आत नेली. बाई रिकाम्या हाताने गेल्या.

पुढे काही वर्षांनी काकींनी अंथरूण धरलं. मी माझी नवी गोधडी घेऊन गेले. त्यांनी उलटी केली, टाक्यांवरून बराच वेळ बोटं फिरवली.

"खरं सांग, कोणाकडून शिवून आणली?"

मला रडूच कोसळलं. "काकी, मीच शिवली हो."

"न्हाय. शिव माज्याम्होरं."

खाटेवर बसून मी टाक्यांची एक ओळ घातली. त्या डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. मग गोधडी माझ्या हातातून ओढून त्यांनी अंगावर घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"जा आता. गावातली कामं घे."

त्या थंडीतच काकी गेल्या, तीच गोधडी पांघरून. आता माझ्या कामाला कुणी मास्टरपीस म्हटलं, की मला आधी त्या माणसाचाच संशय येतो.