मागीलदारची ज्युनिअर

"तुझा कोट मागीलदारी अडकव आणि चहा घेऊन ये," वकीलसाहेब म्हणाले. समोर पक्षकार बसले होते. त्यांच्याच केसची टिपणं माझ्या हातात होती.

रत्नागिरीत साहेबांचं ऑफिस घराच्या पुढच्या पडवीत आहे. माझी आई त्या घरात धुणीभांडी करायची, मी लहान होते तेव्हापासून. जायची-यायची मागीलदाराने. मला वकिलीची सनद मिळाली तेव्हा तीच म्हणाली, "साहेबांना इचार गो बाय. ते वळखतात आपल्याला."

साहेब लगेच हो म्हणाले. मला कोण आनंद झाला होता. पहिल्या दिवशी कोटाला इस्त्री करून गेले, तर साहेबांनी पायरीवरच थांबवलं.

"तू मागून ये. आई येते ना, तशी."

गेले. मूर्खासारखी गेले. वाटलं, सुरुवातीला सगळेच ज्युनिअर राबतात.

मग साहेबांच्या मित्राचा मुलगा ज्युनिअर म्हणून आला. तो थेट पुढच्या खुर्चीत. साहेबांच्या गाडीतून कोर्टात. वकीलपत्रावर त्याचं नाव. मी मागे फणस सोलायचा, साहेबांच्या बायकोची, वहिनींची औषधं आणायची आणि उरलेल्या वेळात त्याच्यासाठी टिपणं काढायची. विचारलं तर, "शिकशील हळूहळू." काय शिकणार होते, गरे काढायला? ते मला येतं.

तर त्या दिवशी चहा आणला. पक्षकाराने विचारलं, "ही कोण?"

"आमच्या कामवालीची मुलगी. घरातलीच आहे."

तो मुलगा हसला. ट्रे मी साहेबांच्या फायलींवरच ठेवला.

"मी वकील आहे. ही टिपणं माझी आहेत."

आत जाऊन खुंटीवरचा माझा कोट काढला, अंगात घातला आणि पडवीतून, सगळ्यांच्या मधून, पुढच्या दाराने बाहेर पडले.

"आता माझा काम गेला गो," आई रडत म्हणाली. गेलंच. आता ती मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी सोलते. तिची बोटं बघितली की मला साहेबांचा राग येतो, आणि माझाही.

दुसरी ऑफिसं फिरले. कुणी म्हणतं बघू, कुणी सरळच सांगतं, साहेबांचा फोन आला होता. वैताग आलाय नुसता. तरी रोज कोर्टाच्या आवारात बाकड्यावर बसते. घामाने पाठ भिजते, पण कोट काढत नाही.

कधीतरी कुणीतरी माझ्या नावाने वकीलपत्र देईल. समोर साहेब उभे असतील. कोर्टाच्या रिवाजाने त्यांना मला 'विद्वान वकील' म्हणावं लागेल. त्यांच्या तोंडून, भर कोर्टात, मला ते ऐकायचंय. तोवर या बाकड्यावरून मी उठणार नाही.