आत्याबाईंच्या पेल्यातली स्ट्रॉबेरी

नात रोज सकाळी स्मूदी करते. केळ्याच्या चकत्या आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाकलेल्या असतात. त्यात चिकू, घरचं दही, भिजवलेले ओट्स आणि दोन खजूर. साखर घालायची नाही, हा तिचा कायदा. माझ्या कवळीला तेवढीच सुट्टी मिळते, म्हणून मी मुकाट पिते. परवा मात्र पेला हिरवट दिसला.

"ह्यात काय घातलंयस?"

"काही नाही गं आजी. फळंच आहेत."

"हिरवं फळ कुठलं? पोपट वाटलास काय?"

"थोडासा पालक आहे. आधी सांगितलं असतं तर तू प्यायलीच नसतीस."

मी अशी काही ओरडले, की पोरगी रडकुंडीला आली. मूठभर पालकावरून एवढं? म्हातारीचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं असणार. पण मी तिच्यावर ओरडतच नव्हते. ओरडत होते ती चाळिशीतल्या एका शहाणीवर. ती शहाणी म्हणजे मीच.

ही शहाणी माहेरची सांगलीची, दहावी पास, आणि कोरेगावात दिलेली. आपल्याला सगळं कळतं, या आनंदात तिनं निम्मं आयुष्य काढलं. भावानं दिवाळीला मिक्सर दिला, तर तो तिनं शेजारणींना नुसता लांबून बघायला दिला. दर रविवारी त्यात मटणाचं वाटण व्हायचं. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, लसूण, वर मटणाचाच थोडा रस्सा घालून गरगर फिरवायचं. चव लय भारी, असं गावभर सांगायचं.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे मटण-अंडं वर्ज्य. रविवारी त्या आपलं ताट-तांब्या घेऊन बाहेरच्या सोप्यात बसायच्या. एका हिवाळ्यात त्या आजारानं पार वाळल्या. डॉक्टर म्हणाले, फळं खाऊ घाला. तोंडात एक दात नाही, पेरू-सफरचंद चावणार कशानं? आमचे मालक तेव्हा महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचे, येताना स्ट्रॉबेरी आणायचे. मी म्हटलं, केळं, स्ट्रॉबेरी आणि दूध मिक्सरमधून काढून देते.

"त्यात तुमचं वाटण करता न्हवं?" आत्याबाईंनी विचारलं. "येगळं भांडं हाय का?"

"हाय की, आत्याबाई. कोरं हाय."

होतंच. मिक्सरबरोबर दोन भांडी आली होती. दुसरं खोक्यात, थर्माकोलमध्ये तसंच होतं. पण नवी वस्तू उगाच कशाला वापरायची? पहिलं बिघडलं तर असावी. मी जुनंच गरम पाण्यानं दोनदा घासलं. साबणानं धुतल्यावर कसलं आलंय मटण, हे माझं दहावीचं शास्त्र! थर्माकोलची भीड सासूपेक्षा जास्त.

त्या महिनाभर प्यायल्या. गालावर जरा तुकतुकी आली. "तुज्या हाताला गुण हाय," म्हणायच्या आणि मी फुगायची.

मग एका सोमवारी पिता पिता त्या थांबल्या. जिभेवरून काहीतरी काढून तळहातावर घेतलं. काळपट, बारीक. पात्याखाली अडकलेली भाजल्या खोबऱ्याची कपची.

"ह्ये काय गं?"

"स्ट्रॉबेरीचं बी आसंल."

आता सांगताना मलाच हसू येतं. जन्म चुलीपुढं काढलेल्या बाईला मी खोबरं बी म्हणून दाखवत होते! त्यांनी ते नाकाशी धरलं. आदल्या दिवशीचा रविवार आम्हा दोघींनाही आठवला.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"आजच. चुकून."

"आजच व्हय," असं म्हणून त्यांनी पेला खाली ठेवला, चूळ भरली आणि गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेवली. शिवी नाही, शाप नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. भांडणात मी पटाईत.

पुन्हा माळ घालायची तर गावातल्या ज्या बाबांनी ती घातली होती त्यांच्याकडं जावं लागायचं. ते विचारणार, व्रत कशानं मोडलं? म्हणजे सुनेचं नाव आलं. आत्याबाई गेल्याच नाहीत. गळा मोकळा बघून कुणी हटकलं, तर म्हणायच्या, "दोरा कुजला हुता. तुटली." मटणाला त्यांनी पुढंही शिवलं नाही, ताट सोप्यातच राहिलं, पण माळ नव्हती. मी दुसरं भांडं खोक्यातून काढून त्यांच्यापुढं धरलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, बाय. आता ग्वाड लागत न्हाई." त्यानंतर केळं त्या स्वतःच्या हातानं कुस्करून खायच्या.

मी बाबांकडं जाऊन खरं सांगितलं असतं, तर आत्याबाईंना माळ मिळाली असती. बाबांचं घर आमच्यापासून चार घरं पलीकडं. मी रोज त्या दारावरून पाण्याला जायची. आज सांगू, उद्या सांगू. बाबा काय म्हणतील याची भीती नव्हती, त्यांची सून काय म्हणेल याची होती. अशी सहा वर्षं गेली.

आत्याबाई गेल्या तेव्हा बायका त्यांना आंघोळ घालत होत्या. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी माळकरी न्हवं? माळ कुठाय?" बाबा बाहेर अंगणातच बसले होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"तुटली हुती," मी म्हणाले. "दोरा कुजला हुता."

आता बाबाही नाहीत, त्या बायकांतलीही कुणी उरली नाही. नातीला जवळ घेऊन परवा हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, जाऊ दे ना, किती जुनं झालं." तिच्यासाठी जुनं. दोरा कुजला नव्हता. चांगला पिळाचा होता.